हिंगणमाळची बुजवलेली विहीर

१

आधी घंटा वर आली, मग माझा खालू.

वैशाखातला सोमवार. हिंगणमाळ स्टेशनाच्या विहिरीवर तीन आठवडे माती वर ओढणारी यारी चालू होती. बावीस वर्षांपूर्वी दगडमातीनं बुजवलेली विहीर पंचायत पुन्हा मोकळी करत होती. त्या दिवशी पन्नास फुटांवरून यारीच्या डब्यात पितळेची घंटा आली आणि तिच्या साखळीत गुंतलेली हाडं आली. मजुरांनी डबा जमिनीवर टेकवला आणि चौघेही न बोलता बाभळीखाली जाऊन बसले. परत कामाला कुणी हात लावला नाही.

हाडांच्या मातीत एक बिल्ला सापडला. त्यावर आकडा होता सतरा. जैनोद्दीन, सांधेवाला, हिंगणमाळ स्टेशन. माझ्या खालाचा, म्हणजे मावशीचा, नवरा.

मी मुजीब. एसटीत कंडक्टर. धाराशिव डेपोत चोवीस वर्षं टिकटिक करत काढली. खालाला मूलबाळ नाही, त्यामुळं तिचा मुलगा म्हणाल तर मीच. फोन आला तसा रजा टाकून पोचलो. तोवर निम्मा गाव विहिरीभोवती जमला होता आणि त्यांनी निकालही लावून टाकला होता.

"घंटा चोरून पळाला व्हता. देवानं तिथंच शिक्षा दिली," एक जण म्हणाला.

पंचनाम्याला आलेल्या हवालदारालाही ते पटलं. "घंटा कमरंला बांधून अंधारात निघाला आसंल, पाय घसरला. विषय संपला."

बावीस वर्षं गाव म्हणत होता की जैनोद्दीन शेवटच्या गाडीतनं घंटा घेऊन पळाला. आता पळाला नाही हे डोळ्यांनी दिसलं, तरी चोर तो चोरच राहिला. माणसांना दिलेलं नाव परत घ्यायचा कंटाळा असतो. मला संताप आला. पण मी काही बोलायच्या आत खाला पुढं झाली. शरिफाबी, वय सत्तरच्या पुढं, काठी टेकत. तिनं तो बिल्ला पदरानं पुसला.

"चोर म्हणून म्या ह्यास्नी मातीत घालणार न्हाय," ती म्हणाली. "आधी त्यांचं नाव धुवा. मग जनाजा."

दवाखान्यातून हाडं शुक्रवारी मिळणार होती. म्हणजे हातात चार दिवस.

२

धाराशिवला माझ्या शेजारी हणमंतप्पा राहतात. मूळचे तामलवाडीचे, पोलिसात जमादार म्हणून निवृत्त झालेले. कपाळावर विभूती, हातात कायम पंखा, आणि तोंडात एकच ठरलेला प्रश्न. कुणीही दारात आलं की ते विचारणार, "आलात कसं? जाणार कसं?" कॉलनीतली पोरं त्यांना 'एसटी चौकशी' म्हणतात.

एकदा मी चिडून विचारलं होतं, अप्पा, याचा उपयोग काय?

"मुजीब, माणूस कुठं गेलो हे सांगताना खोटं बोलतो. ते त्यानं आधीच रचून ठेवलेलं असतंय," ते म्हणाले होते. "पण परत कसा आलो, ह्यात खोटं बोलायचं कुणाला सुचत न्हाय बघ."

मी त्यांना मोबाइलवरचे फोटो दाखवले. त्यांनी हाडांकडं पाहिलं नाही, साखळीकडं पाहिलं.

"साखळीची कडी कुठं अडकवलीय?"

मी फोटो मोठा केला. साखळीचे दोन वेढे, आणि कडी मणक्याच्या बाजूला, पाठीमागं.

"चोर स्वतःच्या कमरंला माल बांधताना गाठ पाठीमागं मारतोय व्हय?" अप्पांनी पंखा खाली ठेवला. "हे दुसऱ्यानं बांधलंय. मेल्यावर, न्हायतर शुद्ध गेल्यावर. चल."

खालाला मी गावाहून सोबत आणलं होतं, ती आमच्या घरीच होती. अप्पांनी तिच्यासमोर बसून हळूच विचारलं, "बीबी, त्या दिवसाचं सगळं सांगा."

तिनं सांगितलं ते असं. छोटी लाइन बंद व्हायची होती. शेवटच्या दिवशी पावणेदोनच्या गाडीनं अख्खा गाव बार्शीला निघाला, तिथं सत्कार होता. जैनोद्दीननं तिला गाडीत बसवलं. वीस वर्षं स्टेशनात राहून ती कधी गाडीत बसली नव्हती. स्वतः मात्र तो मागं थांबला. गाडी सोडायची घंटा त्यानंच द्यायची, मग स्टेशनाला कुलूप लावून दुसऱ्या दिवशी घंटा, झेंडे आणि किल्ल्या बार्शीला पोचवायच्या.

"म्या पुढच्या डब्यात हुते. घंटा ऐकली. दोन टोले. बस, तेवढंच," खाला म्हणाली. "रात्री ट्रकनं परत आलो तर घर बंद. दुसऱ्या दिशी शिवानंदराव म्हणाले, गाडी हालल्यावर जैनोद्दीन पळत यिऊन शेवटच्या डब्यात चढला, काखंत गठुडं हुतं, म्या डोळ्यानं बघितलं. मला वाटलं, मधीच कुठं उतरले असतील. आज ना उद्या येतील."

"त्याआधी काय येगळं बोलले होते का?"

खाला जरा घुटमळली. "शेवटच्या आठवड्यात एकच म्हणायचे. शरिफा, खांब चालायला लागल्यात. रात्री जागेवर असत्यात, सकाळी पुढं सरकलेले असत्यात. मला वाटलं, लाइन बंद पडणार म्हणून डोस्कं फिरलं. म्या दुवा पढून त्यांच्यावर दम केला, फुंकर घातली आन् पाणी पाजलं हो."

मला हसू यायला हवं होतं, पण मानेवर काटा आला. अप्पांनी मात्र ते खांबांचं वाक्य तिच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

३

मंगळवारी आम्ही हिंगणमाळला गेलो. स्टेशन गावापासून कोसभर, माळावर. रूळ कधीच उखडून नेलेले. दगडी इमारत तेवढी उभी. एका खोलीत संग्रहालय केलंय. ते करणारे शिवानंदरावच. साठ एकर द्राक्षबाग, दोनदा सरपंच. त्यांचं शेत स्टेशनाला लागून. आम्ही पोचायच्या आधीच ते फलाटावर उभे होते. आम्ही येतोय हे त्यांना कुणी सांगितलं, ते मला आजही माहीत नाही.

"या अप्पा, या," ते म्हणाले. "जैनोद्दीनचं लई वाईट झालं. काय करता, माणसाला मोह सुटत न्हाय."

"आलात कसं?" अप्पांनी विचारलं.

"ही काय, गाडी उभीय," शिवानंदराव हसले. माझे मात्र हात शिवशिवत होते.

खोलीत कंदील, हिरवा-लाल झेंडा, जुने फोटो. एका फोटोत कोळशाचं इंजिन विहिरीजवळच्या टाकीखाली उभं, आणि विहिरीच्या पलीकडं, बऱ्याच अंतरावर, पांढरे खांब रांगेत. रुळांचे तुकडे उभे रोवून चुना दिलेले. रेल्वेची हद्द दाखवायला असेच खांब असत.

दुसऱ्या भिंतीवर बार्शीतल्या सत्काराचा फोटो. मांडवात गर्दी, मधोमध फेटा बांधलेले तरणे शिवानंदराव. त्याखाली चौकटीत एक जाड पुठ्ठ्याचं तिकीट. हिंगणमाळ ते बार्शी, तारखेचा ठसा उमटलेला.

"शेवटच्या गाडीचं तिकीट. माझं स्वतःचं," शिवानंदराव छाती काढून म्हणाले. "बावीस वर्षं तिजोरीत जपलं. आख्ख्या तालुक्यात दुसरं न्हाय."

मी कौतुकानं मोबाइलवर त्याचा फोटो काढला. तिकीट म्हटलं की आमचा जीव अडकतोच.

अप्पा खिडकीतून विहिरीकडं बघत होते. "हे हद्दीचे खांब आता कुठं दिसत न्हाईत."

"कुणी भंगारात घातले असतील." शिवानंदरावांचं हसू तसंच राहिलं.

"विहीर कुणाच्या हद्दीत?"

"इतकी वर्षं माझ्याच. औंदा ड्रोनवाल्यांनी मोजलं आन् म्हणले रेल्वेची. सरकारी मोजणी, भांडून काय उपयोग. म्या तीनदा कचेरीत जाऊन सांगितलं, ती जागा चांगली न्हाय, उकरू नका. ऐकतंय कोण?"

बाहेर पडताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता. "मुजीब, शुक्रवारपर्यंत कशाला थांबता? म्या साहेबाला बोलतो. उद्याच माती उरका. म्हातारीला उगं वणवण नको."

त्यांचा हात खांद्यावरून निघाला तरी मला तो बराच वेळ तिथंच असल्यासारखा वाटत होता.

४

"सरळ आहे अप्पा," मी म्हणालो. "विहीर त्याच्या शेतात होती, त्यानंच बुजवली."

"बुजवायचा अर्ज कुणी केला ते बघितलंस?" अप्पांनी पंचायतीतून आणलेला कागद पुढं केला. शेवटची गाडी गेल्यावर सहाव्या दिवशीचा अर्ज. खाली सही होती बब्रुवान गुरुजींची.

गुरुजी गावातच राहतात. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हिंगणमाळ स्टेशनाचा इतिहास लिहिला. चाळीस पानांचं पुस्तक, स्वतःच्या हौसेनं छापलेलं. त्यातल्या एकतिसाव्या पानावर छापलंय की सांधेवाला जैनोद्दीन स्टेशनची घंटा घेऊन परागंदा झाला. त्या पानामुळं मी कधी त्यांना नमस्कारही केला नव्हता.

मथुराबाईंनी, म्हणजे गुरुजींच्या मंडळींनी, पाणी दिलं. तांब्या भरतानाच त्या म्हणाल्या, "आजपासनं आमी त्या माळावरच्या, इहिरीशेजारच्या हापशाचं पाणी बंद केलंय बगा. लेकरांच्या घशाखाली उतरंना."

गुरुजींनी अप्पांकडचा कागद हातात घेतला. "अर्ज मीच लिहिला. एक पोरगी विहिरीत पडता पडता वाचली, असं कानावर आलं म्हणून लिहिला."

"कोण पोरगी?"

गुरुजी आठवू लागले. आठवता आठवता त्यांचा चेहरा उतरला. "नाव... नाव कुणी सांगितलंच नाही. शिवानंदनं सांगितलं होतं. ट्रॅक्टर आणि दगडही त्यानंच दिले."

"पुढं दुष्काळ पडला, लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं," अप्पा म्हणाले. "तवा बी कुणाला ही विहीर आठवली न्हाय? कोळशाच्या इंजिनांना पुरून उरलेलं पाणी हुतं तिला."

"मी ग्रामसभेत विषय काढला होता. शिवानंदनं हाणून पाडला. त्याची बाग जळाली त्या साली. टँकर लावला, पण विहीर उकरू दिली नाही."

मी अप्पांकडं पाहिलं. पाण्यासाठी जीव टाकणाऱ्या आमच्या मुलखात एक माणूस बाग जळू देतो आणि भरलेली विहीर झाकून ठेवतो. पण एवढ्यावर कुणी कोणाला खुनी म्हणत नाही. आणि तो तर गाडीत होता. फोटो होता, तिकीट होतं.

"हद्दीच्या खांबांबद्दल तुम्हाला काही ठाऊक?" अप्पांनी विचारलं. गुरुजींनी नकारार्थी मान हलवली.

"गुरुजी, तुमी बार्शीला गेलात कसं?"

"गाडीनं. शाळेची साठ पोरं होती माझ्याबरोबर."

"आन् आलात कसं?"

"पोरांना ट्रकात बसवलं. मला त्या हादऱ्यांत पाठ धरते, म्हणून शिवानंदच्या फटफटीवर मागं बसून आलो. माणूस तसा मदतीला तत्पर हो."

अप्पांनी पुस्तकाची एक प्रत मागून घेतली. परतीच्या एसटीत ते ती वाचत बसले. सत्ताविसाव्या पानावर थांबून त्यांनी मला एक परिच्छेद मोठ्यानं वाचायला लावला.

"'बार्शीच्या फाटकात आमचे स्टेशन मास्तर रेवणसिद्ध स्वतः उभे राहिले व त्यांनी सर्वांची तिकिटे नियमाप्रमाणे काढून घेतली. आठवण म्हणून तरी राहू द्या, अशा पोरांनी विनवण्या केल्या, काही रडली, परंतु मास्तर बधले नाहीत.'" मी वर पाहिलं. "कडकच होते म्हणायचे."

"मुजीब," अप्पा म्हणाले, "तुझ्या बसमधनं माणूस उतरताना तू तिकीट परत घेतोस?"

"नाही. ते त्याचं असतं."

"हं," अप्पा म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

५

बुधवारी रेवणसिद्ध मास्तरांकडं गेलो. धाराशिवात मुलाकडं राहतात. वय ऐंशीच्या घरात, पण सदऱ्याची वरची गुंडीही लावलेली. घंटा चोरीची तक्रार त्यांचीच होती.

"स्टेशनची वस्तू हरवली, तक्रार करणं माझं काम होतं," ते म्हणाले. "जैनोद्दीननं आदल्या दिवशी ती घंटा मागितली होती माझ्याकडं. गावातल्या शाळेला द्यावी म्हणून. मी नाही म्हणालो. म्हणून माझाही विश्वास बसला. तसा तो काडीला हात लावणारा नव्हता." ते जरा थांबले. "मी बावीस वर्षं तोंडानं कबूल केलं नाही, पण मनातून मला ते कधीच पुरतं पटलं नव्हतं."

"गाडी सुटताना तुम्ही कुठं?"

"गार्डाच्या डब्यात. घंटा झाली, गाडी हलली. वळणापर्यंत जैनोद्दीन फलाटावर हिरवा झेंडा धरून उभा दिसला. पळत आलेला मी पाहिला नाही. पण वळणानंतर काही दिसत नाही. शिवानंद म्हणाला त्यानं पाहिलं, तर मी कशाला नाही म्हणू?"

"हद्दीचे खांब कुणी बघायचं?"

"जैनोद्दीन. दर दिवाळीला तोच चुना द्यायचा. लाइन बंद झाल्यावर मोजणी होणार होती. तो म्हणाला होता, मोजणीच्या साहेबाला मला काही दाखवायचंय. मी म्हटलं, तुझं तू दाखव."

शेवटी अप्पांनी तिकिटांचं विचारलं. म्हातारबुवा एकदम ताठ झाले.

"नियम म्हणजे नियम. प्रवास संपला की तिकीट रेल्वेचं. मी विकलेली तिकिटं मोजून परत घेतली. एक कमी भरलं." बावीस वर्षांनंतरही ते त्यांना सलत होतं. "फाटक एकच, मी जागचा हललो नाही. मला वाटलं, एखाद्या पोरानं चड्डीत लपवलं. आयुष्यात तेवढा एकच हिशेब चुकला माझा."

बाहेर आल्यावर अप्पा सरळ चालू लागले. मी विचारलं तर म्हणाले, "उद्या."

पण उद्या आधी आमच्या दारात आला. गुरुवारी पहाटे खाला नमाजाला उठली आणि तिची किंकाळी ऐकून मी धावलो. खाला दाराच्या चौकटीला धरून उभी होती. उंबऱ्यापासून दोन हातांवर रुळाचा एक तुकडा उभा रोवलेला. हातभर उंच, ताजा चुना फासलेला. अजून ओला.

"मुजीब, खांब," खाला पुटपुटली. "चालत चालत हितवर आला."

अप्पा धोतर सावरत आले. त्यांनी चुन्यावर बोट फिरवलं. मला वाटलं घाबरतील, पण त्यांना राग आलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"भुताला चुना लागत न्हाय," ते म्हणाले. "खांब चालवणारा माणूस अजून जिता हाय. बीबी, उद्या जनाजा. आज दुपारी सगळ्यांना स्टेशनात बोलावू."

६

उन्हं फलाटावर आग ओकत होती, तरी गाव जमला. पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची, त्यासाठी शेवटच्या दिवसाच्या आठवणी गोळा करायच्या, असं अप्पांनी कळवलं होतं. शिवानंदराव खुर्चीवर बसले. गुरुजी आणि रेवणसिद्ध मास्तर बाकावर. खाला माझ्याजवळ खाली, जिथं पूर्वी घंटा टांगलेली असायची त्या लोखंडी आकड्याखाली. मागं साध्या कपड्यात ठाण्याचे फौजदार उभे होते. ते अप्पांच्या हाताखाली कधीकाळी शिकलेले.

"शेवटच्या दिशी जैनोद्दीन मेला," अप्पांनी सुरुवात केली. "मारून, घंटा पाठीमागनं बांधून विहिरीत टाकला. गाडी वळणापर्यंत गेली तवा तो फलाटावर जिता उभा हुता, मास्तरांनी बघितलंय. रात्री गाव परतला तवा त्याचं घर बंद हुतं. म्हंजी मारणारा गाडीत नव्हता. तो मागं राहिला."

"आमी सगळे गाडीत हुतो," शिवानंदराव म्हणाले.

"तुमी हुता?"

"तिकीट हाय माझं. आत भिंतीवर टांगलंय."

"म्हणूनच इचारतो." अप्पा मास्तरांकडं वळले. "मास्तर, जो खरंच बार्शीला गाडीनं उतरला, त्याच्याकडं तिकीट उरतंय का?"

मास्तर सावकाश उठून उभे राहिले. "नाही. मी एकही सोडलं नाही. एकच कमी होतं."

फलाटावर कुजबुज झाली. मला तेव्हा कळलं, आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आम्हा एसटीवाल्यांना तिकीट म्हणजे प्रवास केल्याचा पुरावा. रेल्वेचं उलटं होतं. गाडीनं गेला त्याचं तिकीट फाटकात गेलं. तिकीट हातात उरलं ते न गेलेल्याच्या. आणि हा गडी ते चौकटीत घालून बावीस वर्षं मिरवत होता.

शिवानंदराव हसले. हसू जरा उशिरा आलं. "लपवलं म्या. हौस म्हणून. त्यात काय खून झाला? म्या बार्शीला हुतो, फोटो हाय."

"हुताच. मांडवात. मांडव स्टेशनाबाहेर हुता," अप्पा म्हणाले. "छोटी गाडी तीन तास घ्यायची. फटफटी सव्वा तासात जायची. आता एवढंच सांगा. गुरुजींना परत कशावर आणलं?"

शिवानंदरावांनी गुरुजींकडं पाहिलं.

गुरुजीच बोलले, अगदी हळू. "याच्या फटफटीवर. याच्या स्वतःच्या."

"तुमी रेल्वेनं गेलात," अप्पा म्हणाले, "मग फटफटी बार्शीत आली कशी?"

मागच्या रांगेतले लोक पुढं सरकले.

अप्पांनी उरलेलं सांगितलं. मोजणी यायच्या आधी आठवडाभर शिवानंद रोज एक-एक खांब उपटून आत रोवत होता, विहीर आपल्या शेतात यावी म्हणून. जैनोद्दीन वीस वर्षं त्या खांबांना चुना देत आला होता. त्याला पावलापावलाचा हिशेब पाठ होता. तो मोजणीवाल्यांना दाखवणार होता. सगळा गाव गाडीत बसून गेल्यावर माळावर दोघंच उरले.

"म्या मारायला थांबलो नव्हतो," शिवानंदराव अचानक म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "समजवायला थांबलो. म्हणलं, लाइन चालली, स्टेशन चाललं, तुला काय पडलंय? तर म्हणतो, उद्या सकाळपर्यंत म्या ड्यूटीवर हाय. उद्या सकाळपर्यंत! म्या ढकललं. कठड्यावर डोकं आपटलं. मग... मग घंटा दिसली."

फौजदार पुढं आले. पण त्यांच्या आधी खाला काठी टेकत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं शिव्या देईल, थुंकेल. तिनं फक्त विचारलं.

"त्या इहिरीचं पाणी कधी प्यालास रं?"

त्यानं मान खाली घातली.

"एक घोट बी न्हाय," खालाच म्हणाली. "ज्याच्यापायी माणूस मारला, ते बावीस वर्सं दगडाखाली. आन् म्या? तू म्हणला गाडीत चढले, म्हणून म्या रोज दुपारी हितं यिऊन बसायचे. रूळ उखडून नेले तरी यायचे. लोक हसायचे. तुला तुझ्या शेतातनं म्या दिसत हुते का न्हाय? एकदा बी वाटलं न्हाय, हिला सांगावं, नको बसूस म्हणून?"

त्याला जीपमध्ये बसवेपर्यंत त्यानं एकदाही वर पाहिलं नाही. गावातले बरेच जण तर त्याच्याकडं नाही, खालाकडं पाहणं टाळत होते.

७

शुक्रवारी जनाजा उठला. सोमवारी चोर म्हणणारे खांदा द्यायला रांगेत होते. मी कुणाला अडवलं नाही, पण कुणाला या म्हणालोही नाही. माझं मन एवढं मोठं नाही. रेवणसिद्ध मास्तर मुलाच्या गाडीतून आले आणि उन्हात शेवटपर्यंत उभे राहिले. माती झाल्यावर त्यांनी तो सतरा नंबरचा बिल्ला माझ्याकडून मागून घेतला, कपाळाला लावला आणि परत दिला.

संध्याकाळी गुरुजी घरी आले. सोबत दोन पिशव्या भरून पुस्तकं. उरलेल्या सगळ्या प्रती. ते खालासमोर जमिनीवर बसले.

"शरिफाबी, मी शिकलेला माणूस. विचारलं नाही, तपासलं नाही, ऐकलं तेच छापलं," ते म्हणाले. "नवीन छापीन तेव्हा छापीन. आत्ता तुमच्यासमोर प्रत्येक प्रतीत दुरुस्ती करतो."

त्यांनी एकतिसावं पान उघडलं. 'परागंदा झाला' या ओळीवर तांबड्या शाईनं काट मारली आणि खाली आपल्या वळणदार शाळामास्तरी अक्षरात एक ओळ लिहिली. मग दुसरी प्रत. मग तिसरी. एकशे बारा प्रती होत्या. दिवेलागण झाली तरी ते लिहीतच होते. मधे पाणीसुद्धा प्याले नाहीत.

खालाला वाचता येत नाही. तिनं पहिली प्रत उचलून माझ्यापुढं धरली. "काय लिवलंय?"

मी वाचलं, "'शेवटची गाडी सुटली, तेव्हा सांधेवाले जैनोद्दीन ड्यूटीवर होते.'"

खालानं डोळे मिटले. तिचे ओठ हलले, बहुतेक ती ते शब्द पाठ करत होती. मग तिनं पुस्तकातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं, म्हणजे जागा चुकू नये.

"परत एकदा वाच," ती म्हणाली.